परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांचा संभाषण-वर्ग कसा घ्यावा

मराठी माध्यमातून शिकलेला आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी ब्रिटनला निघालेला विद्यार्थी संभाषणाच्या वर्गात येतो, तेव्हा त्याच्याजवळ इंग्रजीचा साठा पुरेसा असतो. प्रवेशासाठी लागणारी भाषेची परीक्षा तो उत्तीर्ण झालेला असतो, काळ आणि प्रयोग यांचे नियम तो शिक्षकापेक्षाही चोख सांगतो, आणि पदवीची बहुतेक पुस्तके त्याने इंग्रजीतूनच वाचलेली असतात. तरीही सप्टेंबरात तेथे पोहोचलेल्या या विद्यार्थ्याचा ऑक्टोबरात फोन येतो आणि तो सांगतो, "सर, इथली माणसं फार तुटक आहेत. बरा आहेस का, असं विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे निघून जातात."

ही तक्रार भाषेची म्हणावी की संस्कृतीची, हे ठरवता येत नाही, आणि म्हणूनच संभाषण एका तासाला आणि 'कल्चर शॉक' निरोपाच्या व्याख्यानात, अशी वाटणी मला निरुपयोगी वाटते. परक्या देशाचा धक्का तेथील थंडी किंवा इमारती पाहून क्वचितच बसतो. तो बस-थांब्यावर, दुकानात, वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात, दिवसातून दहा-वीस वेळा, प्रत्येकी दोन वाक्यांच्या बोलण्यातून थोडाथोडा बसत जातो. त्यामुळे ती दोन वाक्ये नीट शिकवणे हीच धक्क्याची पूर्वतयारी, असे धरून पुढील पद्धत मी वर्गात वापरतो. ती ब्रिटनला जाणाऱ्यांसाठी बसवलेली आहे. इतर देशांसाठी प्रसंग बदलावे लागतील, पण तासाची मांडणी हीच राहील.

पहिला तास मराठीत

संस्थाचालकांना हे रुचत नाही, पण पहिला संपूर्ण तास मराठीतच घ्यावा. दोन विद्यार्थ्यांना पुढे बोलावून एक साधा प्रसंग द्यावा. उदाहरणार्थ, शेजाऱ्याकडे दोन दिवसांसाठी मोटारसायकल मागायची आहे आणि शेजाऱ्याला ती द्यायची नाही. तीन मिनिटे त्यांना बोलू द्यावे, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे आणि नंतर सर्वांनी मिळून ते ऐकताना चार गोष्टी टिपाव्यात: बोलणे कसे सुरू झाले, मुद्दा केव्हा आला, नकार कोणत्या शब्दांत दिला गेला आणि निरोप कसा घेतला गेला.

टिपणे वाचली की वर्ग स्वतःवरच चकित होतो. सुरुवात "काय, जेवण झालं का?" अशी झालेली असते आणि विचारणाऱ्याला जेवणाशी काहीही कर्तव्य नसते. मुद्दा दुसऱ्या मिनिटाला आलेला असतो. "देत नाही" हे शब्द कोणी उच्चारलेलेच नसतात. "बघतो", "सांगतो तुला", "सर्व्हिसिंगला टाकायची होती" एवढ्यावर नकार पोहोचलेला असतो आणि मागणाऱ्याला तो बरोबर कळलेला असतो. जाताना "येतो" म्हटलेले असते, कारण दारातून निघताना "जातो" म्हणू नये हे घरातच शिकवले जाते. या सर्व गोष्टी फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागात लिहून घ्याव्यात. उजवा अर्धा भाग रिकामा ठेवावा. तो पुढील तीन महिन्यांत इंग्रजीतील प्रतिरूपांनी भरत जातो.

भाषाशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांनी १९६० च्या दशकात संप्रेषणक्षमतेची कल्पना मांडली. भाषा येणे म्हणजे शुद्ध वाक्य रचता येणे एवढेच नसून, कोणाशी, केव्हा आणि कोणत्या रीतीने काय बोलावे हे कळणेही त्यात येते, असा तिचा आशय आहे. ही क्षमता विद्यार्थ्याजवळ मराठीत पूर्ण विकसित झालेली असते, मात्र ती आपल्याजवळ आहे हेच त्याला ठाऊक नसते. "कुठे निघालात?" या प्रश्नाला कोणी गावाचे नाव, काम आणि परतीची वेळ सांगत बसत नाही, हे त्याच्या तोंडून एकदा वदवून घेतले की ब्रिटनमधील "यू ऑल राइट?" समजावण्यासाठी वेगळे व्याख्यान लागत नाही. तो प्रश्न तब्येतीचा नसून ओलांडून जाताना केलेली ओळखीची खूण आहे, हे तो स्वतःच सांगतो.

विचारपूस, मागणी आणि नकार

अभिवादनाचा सराव बाकावर बसून होत नाही. विद्यार्थ्यांना व्हरांड्यात न्यावे, समोरासमोरून चालत यायला लावावे, आणि एकाने "यू ऑल राइट?" म्हणताच दुसऱ्याने "यॅ, गुड थँक्स, यू?" असे म्हणत न थांबता पुढे जावे. जो थांबला, त्याने पुन्हा पहिल्यापासून यावे. हा प्रकार पोरकट वाटेल, परंतु चूक पायांत असते, तोंडात नसते. आपल्याकडे विचारपूस करणाऱ्यासमोर न थांबणे हा उर्मटपणा आहे आणि ती सवय शरीरातच मुरलेली असते. बस-थांब्यावरील हवामानाच्या गप्पांनाही हाच नियम लावावा. "बिट चिली, इझन्ट इट?" या वाक्याला अपेक्षित उत्तर "इट इज, यॅ" एवढेच असते. तेथे मोबाइल काढून तापमान सांगणारा आणि कालच्यापेक्षा आज दोन अंश जास्तच असल्याचे दाखवून देणारा माझा एक हुशार विद्यार्थी बराच काळ एकटा पडला होता.

मागणीचा विषय याहून खोल आहे आणि त्यावर किमान चार तास द्यावेत. मराठीत आर्जव क्रियापदातच बसलेले असते: दे, द्या, द्या ना, द्याल का, देता का जरा. शिवाय 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांच्या निवडीने अर्धा आदर आधीच व्यक्त झालेला असतो. इंग्रजीत 'यू' एकच, आणि क्रियापद मूळ रूपात वापरले की ती आज्ञा होते. त्यामुळे "गिव्ह मी वन कॉफी" म्हणताना विद्यार्थ्याच्या मनात, स्वरात आणि मान हलवण्यात असलेला सगळा विनय समोरच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्याला फक्त हुकूम ऐकू येतो. यावर "प्लीज लावायला शिका" हा उपाय अपुरा आहे, कारण "गिव्ह मी वन कॉफी प्लीज" हा नम्र हुकूम होतो, विनंती होत नाही.

येथे फळ्यावर एक शिडी काढावी. डावीकडे मराठी रूपे खालून वर, वाढत्या आर्जवाप्रमाणे लिहावीत आणि उजवीकडे "कॅन आय हॅव", "कुड आय हॅव", "वुड इट बी ऑल राइट इफ", "आय वॉज वंडरिंग इफ यू कुड" ही रूपे त्याच क्रमाने मांडावीत. मग चिठ्ठ्यांवर माणसे आणि मागण्या लिहाव्यात: खोलीतील सोबत्याकडून मीठ, दुकानदाराकडून सुटे पैसे, घरमालकाकडून दुरुस्ती, प्राध्यापकांकडून निबंधासाठी मुदतवाढ. चिठ्ठी उचलून विद्यार्थ्याने शिडीवरची पायरी निवडावी आणि निवडीचे कारण मराठीत सांगावे. मागणी जितकी जड तितके वाक्य लांब, हे सूत्र तो स्वतःच काढतो. मीठ मागताना सर्वांत वरच्या पायरीवर चढणारा विद्यार्थी थट्टेचा विषय होऊ शकतो, हेही तेव्हाच दाखवून द्यावे.

आभारांविषयी विद्यार्थी नेहमी एक प्रामाणिक आक्षेप घेतात. बसमधून उतरताना चालकाला, दार धरून ठेवणाऱ्याला आणि पाण्याचा पेला देणाऱ्याला दरवेळी "थँक यू" म्हणणे त्यांना खोटे वाटते, कारण घरी आईचे आभार मानले तर ती "परक्यासारखं काय बोलतोस?" असे म्हणते. हा आक्षेप उडवून लावू नये. आपल्याकडे आभार अंतर दाखवतात आणि तेथे न मानलेले आभार अंतर दाखवतात, हा फरक मान्य करून त्याला "येतो" या शब्दाची आठवण द्यावी. निघताना "येतो" म्हणणारा खरोखर परत येणार आहे का, हे कोणी तपासत नाही.

संबोधनाची अडचण याच्या पोटातलीच आहे. ब्रिटिश विद्यापीठांत प्राध्यापकांना सामान्यतः पहिल्या नावाने हाक मारतात. आपला विद्यार्थी ते करू शकत नाही आणि "सर" म्हटलेले तेथे विचित्र दिसते, म्हणून तो हाक मारणेच टाळतो. परिणामी तो प्रश्न विचारायलाही जात नाही. यासाठी आठवड्यातून एक तास विद्यार्थ्यांनी शिक्षकाला पहिल्या नावाने हाक मारावी, असा नियम करावा. पहिल्या खेपेस वर्ग हसतो, आणि मी कबूल करतो की मलाही ते ऐकवले नव्हते. "रिस्पेक्टेड सर" ने सुरू होणारे ईमेलही याच तासाला "डिअर" आणि पहिले नाव, अशा रूपात लिहून घ्यावेत.

नकाराच्या बाबतीत आपली रीत आणि तेथील रीत थेट उलट जातात. मराठी घरात पाहुण्याने पहिल्यांदा "नको" म्हणायचे आणि यजमानाने आग्रह करायचा, हा ठरलेला व्यवहार आहे. पंगतीत वाढप्याने पहिल्याच नकाराला पुढे सरकणे अपमानास्पद मानले जाते. ब्रिटनमध्ये "नो, थँक यू" हे अंतिम उत्तर असते, कारण पुन्हा विचारणे म्हणजे पाहुण्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणे. सराव असा द्यावा की यजमान झालेल्या विद्यार्थ्याने एकदाच विचारायचे आणि पाहुण्याने संकोच केला तर खरोखरच बशी उचलून न्यायची. त्या दिवशी बशीत खरी बाकरवडी ठेवावी, म्हणजे धडा लक्षात राहतो. उलट बाजूही शिकवावी: वसतिगृहातील सोबत्याला जेवायला बोलावले आणि त्याने पुरे म्हटले, तर त्याच्या ताटात तिसरी पोळी टाकू नये.

"यू मस्ट कम राउंड सम टाइम" हे वाक्य ऐकून आमंत्रणाची वाट पाहणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्यांना "या की एकदा घरी" या आपल्या वाक्याचे स्मरण द्यावे. दोन्हींची कसोटी एकच आहे: वार आणि वेळ ठरली तर आमंत्रण, नाहीतर सदिच्छा. प्राध्यापकांच्या शेऱ्यांनाही अशीच कसोटी लागते. "यू माइट वॉन्ट टू हॅव अनदर लुक ॲट धिस सेक्शन" याचा अर्थ तो भाग पुन्हा लिहा, असा असतो. "बघू या" म्हणजे नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या समाजातील मुलांना हा आडवळणी सूर समजणे अवघड जाऊ नये, पण परक्या भाषेत आपण प्रत्येक शब्द अक्षरशः घेतो आणि येथेच फसतो.

एक छोटी गोष्ट, जी पाठ्यपुस्तकांत फारशी सापडत नाही. "डोन्ट यू ईट मीट?" या प्रश्नाला आपण "येस" म्हणतो, कारण "हो, नाही खात" अशी आपली विचारसरणी असते. ऐकणारा "येस" वरून खातो असे समजतो आणि ताटात चिकन येते. नकारार्थी प्रश्नाला एकशब्दी उत्तर देण्यास वर्गात पूर्ण बंदी घालावी. "नो, आय डोन्ट" किंवा "येस, आय डू" असेच म्हणायला लावावे.

बोलण्याची पाळी मिळवणे

संभाषणात पाळी कशी फिरते, याचा पायाभूत अभ्यास हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे २००९ मध्ये दहा भाषांची तुलना झाली, तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांमधील सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असल्याचे दिसले. मराठीत विचार करून इंग्रजीत वाक्य जुळवणाऱ्याला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात पाळी दुसऱ्याकडे गेलेली असते. चर्चासत्रात गप्प बसणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना तेथे अनुत्सुक समजले जाते, आणि खरी गोष्ट एवढीच असते की ते दोन सेकंद उशिरा पोहोचतात.

त्यामुळे वाक्य तयार होण्यापूर्वी पाळी धरून ठेवणारे शब्द आधी शिकवावेत: "वेल", "लेट मी थिंक", "हाउ शॅल आय पुट इट", "कॅन आय जस्ट ॲड समथिंग". सरावासाठी तिघांचा गट करावा. दोघांनी भराभर बोलत राहावे आणि तिसऱ्याने तीन मिनिटांत तीनदा मध्ये शिरावे. दुसऱ्याचे ऐकत असल्याच्या खुणाही द्याव्या लागतात. आपण "हं", "हो का", "बरं" म्हणतो. तेथे "राइट", "रिअली?", "ओ, डिड यू?" असे म्हणतात. फोनवर आपले "हं" बंद झाले की आई "ऐकतोयस ना?" असे विचारते, हे उदाहरण पुरेसे आहे.

न समजल्यास "पार्डन" किंवा "रिपीट प्लीज" म्हणू नये, कारण समोरचा तेच वाक्य त्याच वेगाने आणि मोठ्याने म्हणतो. जे समजले ते धरून जे निसटले तेवढेच विचारावे: "सॉरी, द बस फ्रॉम व्हेअर?" या एका सवयीने जितका आत्मविश्वास वाढतो तितका शब्दसंग्रहाच्या कोणत्याही यादीने वाढत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

ओघ वाढवण्यासाठी पॉल नेशन यांच्या लेखनातून सर्वत्र पोहोचलेली चार-तीन-दोनची रीत उत्तम. एकच विषय प्रथम एका जोडीदाराला चार मिनिटांत, मग दुसऱ्याला तीन मिनिटांत आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायचा. ऐकणारा बदलल्यामुळे पुनरुक्ती कंटाळवाणी होत नाही आणि वेळ घटल्यामुळे अडखळणे कमी होते. आपल्या वर्गांत बाके जमिनीला खिळलेली असली तरी अडचण नाही. एकाआड एक रांगेने मागे वळून बसावे आणि दर फेरीला वळलेल्या रांगेने एक जागा सरकावे. चाळीस जणांच्या वर्गात हे सहज होते. गोंगाट होतो, तो होऊ द्यावा, शेजारच्या वर्गाला मात्र आधी सांगून ठेवावे.

टेलिफोनवरील संभाषणाचा सराव पाठीला पाठ लावून बसवून घ्यावा, म्हणजे हातवारे आणि चेहरा यांचा आधार सुटतो. प्रसंग दवाखान्यात वेळ घेण्याचा द्यावा. त्यात आडनाव अक्षरे सुटी करून सांगावे लागते, आणि 'ए', 'ई', 'आय' यांचा गोंधळ तेथेच होतो. वेळेच्या बाबतीत मात्र मराठी मुलांचे काम सोपे आहे: "हाफ फाइव्ह" म्हणजे साडेपाच. जर्मन भाषेत तशाच शब्दांचा अर्थ साडेचार होतो, त्यामुळे जर्मन विद्यार्थी तेथे साडेचारला जाऊन उभा राहण्याचा धोका असतो. इंग्लंडच्या उत्तरेत "टी" ला बोलावले तर ते रात्रीचे जेवण असू शकते, हेही सांगून ठेवावे, नाहीतर मुले घरून जेवून जातात.

चुका केव्हा दाखवाव्यात

विद्यार्थी बोलत असताना त्याला मध्येच थांबवू नये. शिक्षकाने कागदावर तीन रकाने आखावेत: ज्या चुकीने अर्थ बदलतो, ज्या चुकीने माणूस उद्धट वाटतो, आणि जी नुसती व्याकरणाची चूक आहे. तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत पहिल्या दोन रकान्यांतीलच गोष्टी, त्याही नाव न घेता, फळ्यावर लिहाव्यात. "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" हे वाक्य तिसऱ्या रकान्यात जाते. त्यावरून कोणाचा गैरसमज होत नाही, म्हणून ते महिनाभर तसेच राहिले तरी चालेल. याउलट प्राध्यापकांसमोर "आय हॅव अ डाउट" म्हटले, तर आपण शंका विचारतो आहोत असे न वाटता त्यांच्या म्हणण्यावर संशय घेतो आहोत असे वाटते, आणि "आय पास्ड आउट लास्ट इयर" ऐकणाऱ्याला हा गेल्या वर्षी बेशुद्ध पडला होता असे वाटते. ही दोन्ही वाक्ये पहिल्याच दिवशी दुरुस्त करावीत. ही भारतीय इंग्रजीची स्वतःची वळणे आहेत, पुण्यात ती योग्यच आहेत, लीड्समध्ये ती समजत नाहीत, एवढेच सांगावे. विद्यार्थ्याच्या इंग्रजीला हीन ठरवून कोणाचेही बोलणे सुधारलेले मी पाहिलेले नाही.

उच्चारांवर फार वेळ घालवू नये. तीन गोष्टी पुरतात. शब्दाच्या सुरुवातीचा इंग्रजी 'पी' आपल्या 'प' पेक्षा 'फ' च्या दिशेने, म्हणजे श्वास सोडून उच्चारावा. मराठीत ही दोन वेगळी अक्षरे असल्याने आपल्या मुलांना ते एका मिनिटात समजते. पश्चिम दिशा या अर्थाच्या 'वेस्ट' साठी ओठ गोल करावेत आणि बनियन या अर्थाच्या शब्दासाठी वरचे दात खालच्या ओठाला लावावेत. आणि शब्दातील आघात चुकू देऊ नये, कारण आघात चुकला की ऐकणाऱ्याला शब्दच वेगळा वाटतो.

धक्क्याची ओळख

'कल्चर शॉक' हा शब्द रूढ करण्याचे श्रेय मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांना दिले जाते. १९५४ मध्ये रिओ दि जानेरो येथे केलेल्या भाषणात त्यांनी त्याची लक्षणे सांगितली, ती आजही वर्गात वाचून दाखवण्यासारखी आहेत: हात पुन्हापुन्हा धुणे, पाणी, अन्न आणि अंथरूण यांविषयी अवास्तव काळजी, क्षुल्लक विलंबाचा संताप आणि घराची अनावर ओढ. नवलाई, संकट, सावरणे आणि रुळणे, असे टप्पेही त्यांनी मांडले. १९५५ मध्ये नॉर्वेचे स्वेर्रे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियन अभ्यासकांच्या मुलाखतींवरून या प्रवासाला इंग्रजी 'यू' अक्षराचा आकार दिला. हा आकार फळ्यावर जरूर काढावा, परंतु तो वेळापत्रकासारखा शिकवू नये. न्यूझीलंडमधील जपानी विद्यार्थ्यांचा वर्षभर मागोवा घेणाऱ्या १९९८ च्या अभ्यासात सर्वाधिक त्रास पोहोचताक्षणीच आढळला, नवलाईचा टप्पा दिसलाच नाही. पहिल्या आठवड्यातच रडू आले तर आपले काहीतरी बिघडले आहे, असे विद्यार्थ्याला वाटता कामा नये.

धोक्याची खूण भाषेतच सापडते. विद्यार्थ्याच्या वाक्यांचा कर्ता "हा सोबती", "ती बाई" असा न राहता "इथले लोक" असा होऊ लागला की तो दुसऱ्या टप्प्यात आहे, असे समजावे. त्यासाठी तीन रकान्यांची वही उपयोगी पडते: काय घडले, मला काय वाटले, आणि त्याचा आणखी कोणता अर्थ असू शकतो. तिसरा रकाना भरण्याची सवय भारतातच लावावी. नागपूरकडून पुण्याला शिकायला आलेल्या आणि "जाऊन राहिलो" म्हटल्यावर हशा ऐकलेल्या मुलाने या धक्क्याची एक लहान आवृत्ती सोसलेली असते. वहीचे पहिले पान त्यानेच लिहावे.

काही तयारी अगदी व्यावहारिक आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधील घड्याळे एक तास मागे जातात, भारताशी असलेला फरक साडेचारवरून साडेपाच तासांवर जातो आणि डिसेंबरात दुपारी चारच्या आधी सूर्य मावळतो. या काळोखाची कल्पना आधी दिलेली बरी, कारण त्याच सुमारास निबंधांच्या मुदतीही येतात. घरी फोन करण्याचे वार ठरवून घ्यावेत. दिवसभर व्हिडिओवर घरीच राहणारा विद्यार्थी देहाने तेवढा परदेशात असतो. या बैठकीला पालकांनाही बोलवावे, धक्का त्यांनाही बसतो. वसतिगृहात मोहरी-मिरचीची फोडणी बेताने द्यावी, कारण धुराने आगीची घंटा वाजते आणि सगळी इमारत थंडीत रस्त्यावर येऊन उभी राहते. त्या जमावाची माफी कशी मागावी, याचा नाट्यप्रवेश माझ्या वर्गात सर्वांत रंगतो, आणि तेथे ओळखी होण्याची ती एक चांगली संधीही असते.

पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवावे. तातडीसाठी ९९९, तातडी नसलेल्या वैद्यकीय सल्ल्यासाठी १११ आणि मन फारच खचले तर समॅरिटन्सचा चोवीस तास चालणारा विनामूल्य क्रमांक ११६ १२३, हे वहीच्या मुखपृष्ठावर लिहून घ्यावे. त्यांवर बोलण्याची पहिली दोन वाक्येही वर्गात म्हणून घ्यावीत. खोलवर दुःखात असलेल्या माणसाला परकी भाषा सर्वांत आधी सोडून जाते.

आपल्या माणसांत किती राहावे, हा प्रश्न हमखास येतो. १९३२ पासून चालत आलेले लंडनचे महाराष्ट्र मंडळ किंवा इतर शहरांतील मंडळे गणपतीत आणि दिवाळीत जो आधार देतात, त्याला पर्याय नाही. मात्र राहण्याची खोलीही केवळ मराठी मुलांबरोबरच घेतली, तर संभाषणाचा सराव तेथेच संपतो. तेथील एखाद्या माणसाशी निघण्यापूर्वीच ओळख असणे अधिक मोलाचे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून पतीशिवाय अमेरिकेला निघाल्या, तेव्हा न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडोशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांची पत्रांतून जुनी ओळख झालेली होती आणि पोहोचल्यावर त्या त्यांच्याच घरी उतरल्या. आज आपल्या विभागातील आधीच्या तुकडीचा विद्यार्थी किंवा विद्यापीठाने नेमून दिलेला विद्यार्थी-मार्गदर्शक यांच्याशी निघण्यापूर्वी तीन-चार वेळा इंग्रजीतून बोलणे, हे त्याचेच आजचे रूप. हे काम मी गृहपाठ म्हणून देतो आणि तपासतो.

परतीचाही धक्का असतो. १९६३ मध्ये गलाहॉर्न दांपत्याने 'यू' च्या पुढे आणखी एक खळगा जोडून त्याचा 'डब्ल्यू' केला. परतलेला मुलगा ताट वाढणाऱ्या आईला "थँक यू" म्हणतो आणि ती दुखावते, रांगेत कोणी पुढे घुसले की तो संतापतो. म्हणून अभ्यासक्रमाचा शेवटचा तास मी निघण्यापूर्वी घेत नाही, तो परतल्यावर घेतो आणि तेव्हा नवी तुकडीही समोर बसवतो. परतलेल्यांनी फळ्याच्या उजव्या अर्ध्या भागात आपल्या गावची भर घालायची असते. मागील खेपेस यॉर्कशरहून आलेल्या एका मुलीने माझ्या "यू ऑल राइट?" च्या खाली "नाउ देन" असे लिहिले. तिकडे अभिवादन म्हणून असेच म्हणतात, तिने सांगितले. उत्तर काय द्यायचे, असे नव्या मुलांनी विचारले, तेव्हा त्याच ओळीच्या समोर तिने पुन्हा "नाउ देन" एवढेच लिहिले.